गोड शेवटाच्या गोष्टी आणि आपली गोधडी

हातात गोष्टीचे पुस्तक घेऊन बसलेली बाई दिसली, की घरातले कोणी ना कोणी म्हणतेच, "हिला काही काम दिसत नाही!" पुस्तक अभ्यासाचे असेल, चळवळीचे असेल, तर एक वेळ चालते. पण मैत्रीची, हसवणारी, शेवट गोड होणारी गोष्ट बाईने वाचली, की तो वेळेचा अपव्यय ठरतो. पुरुषाने पारावर बसून चार तास पत्ते कुटले तरी त्याला कोणी हिशेब विचारत नाही. आज आम्हाला अशा गोड शेवटाच्या गोष्टींचीच बाजू मांडायची आहे.

इंग्रजी वाचकांमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका प्रकारच्या कादंबऱ्या फार लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांचा साचा साधा असतो. एखाद्या गावात किंवा मोहल्ल्यात काही बाया विणकामासाठी, शिवणकामासाठी किंवा गोधडी शिवण्यासाठी नेमाने एकत्र येतात. प्रत्येकीच्या मनात काही ना काही सल असतो. टाके घालता घालता तो बोलला जातो, ओळखीची मैत्री होते आणि अडल्या वेळी एकीला दुसरीचा आधार मिळतो. खून नाही, मारामारी नाही, कट-कारस्थान नाही. एक पुस्तक संपले, की त्याच माणसांची पुढची हकिगत दुसऱ्या पुस्तकात येते. अशा दहा-दहा, वीस-वीस पुस्तकांच्या मालिका आहेत. वाचणाऱ्याला नवे पुस्तक उघडताना ओळखीच्या आळीत पाहुणे म्हणून गेल्यासारखे वाटते.

यातील एक प्रसिद्ध मालिका डेबी मॅकोम्बर या अमेरिकन लेखिकेची. तिचे पहिले पुस्तक 'द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट' २००४ साली आले. तरुणपणीच दोनदा कर्करोगाशी झुंजलेली लिडिया नावाची बाई सिअ‍ॅटल शहरात लोकरीचे दुकान टाकते आणि बाळाचे पांघरूण विणण्याचा वर्ग सुरू करते. वर्गाला तीन जणी येतात. एक श्रीमंत, सुनेवर नाराज असलेली सासू. दुसरी मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणारी. तिसरी तोंडाने फटकळ, हाताशी पैसा नसलेली पोर. तिला कोर्टाने ठरवून दिलेले समाजसेवेचे तास भरून काढायचे असतात. एरवी या बाया एकमेकींच्या दारात उभ्याही राहिल्या नसत्या. एका टेबलाभोवती बसून सुया चालवताना त्यांची गाठ पडते, त्या आधी भांडतात आणि मग जिवाभावाच्या होतात.

या लेखिकेची स्वतःची हकिगतही आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. लहानपणी तिला अक्षरे नीट लागत नसत. वाचन-लेखनातल्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. शाळेपुढे तिचे शिक्षण झाले नाही. चार मुलांचा संसार सांभाळत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाड्याचा टाइपरायटर ठेवून ती लिहायला बसे. सुरुवातीची काही वर्षे नकार पचवल्यावर तिची पुस्तके निघू लागली आणि पुढे जगभर त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

दुसरी मालिका जेनिफर कियाव्हेरिनी यांची 'एल्म क्रीक क्विल्ट्स'. तिचे पहिले पुस्तक १९९९ चे. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच. सिल्व्हिया नावाची म्हातारी पन्नास वर्षांनी आपल्या बापाच्या घरी परतते. वाडा विकण्यापूर्वी त्याची आवराआवर करायला ती सारा या तरुण बाईला कामावर ठेवते. सारा म्हणते, "पगार द्याच, पण मला गोधडी शिवायलाही शिकवा." टाका शिकवता शिकवता म्हातारी मनातले जुने दुःख उसवून दाखवते. शेवटी वाडा विकला जात नाही. तेथे गोधडीकाम शिकणाऱ्या बायांची ये-जा सुरू होते.

वाचक भगिनी म्हणतील, यात नवल ते काय? ही तर आमच्याच अंगणातली गोष्ट! खरेच आहे. बीड तालुक्यातील लिंबागणेश परिसर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात येतो. पावसाचा भरवसा नाही, हाताला काम नाही, म्हणून असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या, की दुपारच्या वेळी लिंबाच्या सावलीत गोधड्या अंथरल्या जातात. खाली-वर मऊ झालेले लुगडे, मध्ये फाटक्या साड्या, धोतरे, पोरांचे सदरे यांचे थर. चार जणी चार बाजूंनी बसतात आणि काठाकडून धावदोरा घालत आत सरकत येतात. चौकटीच्या आत चौकट उमटत जाते. सुरुवातीला लांब बसलेल्या बाया गोधडी संपत येते तशा एकमेकींच्या जवळ येतात. बोलणे कसे थांबेल? फडावर कोणाचा पाय मोडला, कोणाच्या पोरीचे जमले, कोणाचा हिशेब मुकादमाने फिटू दिला नाही, सगळे तेथे निघते.

अशाच एका बैठकीत कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने मोबाईलवर वाचलेली लोकरीच्या दुकानाची गोष्ट आपल्या भाषेत सांगितली. आम्ही बाजूला बसून ऐकत होतो. पहिल्यांदा सगळ्या जणी हसल्याच. "लोकर बी इकत घ्यायची आन् वर शिकायला पैसं बी द्यायचं? असल्या कशा गं त्या?" मग हळूहळू सुया मंदावल्या. "मंग त्या सासूनं सुनंला जवळ केलं का न्हाई?" एका मावशींनी विचारले. केले, असे कळल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला आणि शेजारी बसलेल्या आपल्या सुनेकडे न बघता तिच्यापुढे दोऱ्याचे रीळ सरकवले. मूल न होणाऱ्या बाईची गोष्ट निघाली, तेव्हा एक जण मान खाली घालून बराच वेळ टाके घालत राहिली. कोणी तिला काही विचारले नाही. पण त्या दिवसापासून "पुढं काय झालं?" म्हणून सगळ्यात आधी तीच विचारू लागली. गोष्ट परदेशातली, नावे तोंडात न बसणारी, तरी दुःख ओळखीचे निघाले. स्वतःचे न बोलताही हलके होता येते, हा गोष्टीचा केवढा मोठा गुण!

त्या बैठकीत एका आक्कांनी मात्र नेमके बोट ठेवले. "त्या बायांला मजुरीला जावं लागत न्हाई का?" या कादंबऱ्यांची उणीव हीच आहे. त्यांत पोटाची भ्रांत क्वचित येते. पण त्याच अमेरिकेत एक खरी गोष्ट घडली आहे. ती या मालिकांच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे.

अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. गुलामीत राबलेल्यांचे हे वंशज. तेथील बाया थंडीपासून बचावासाठी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग तेथे येऊन गेले. मतदार यादीत नाव घालण्यासाठी पुढे झालेल्या अनेक कुटुंबांना कामावरून आणि घरांतून काढले गेले. तेव्हा १९६६ साली त्या भागातील बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी केली. गोधड्या शहरात विकल्या. आलेल्या पैशातून जमीन घेतली, शिवणकामाचे केंद्र बांधले आणि बेघर केलेल्या काही कुटुंबांना घरासाठी जागा दिली. पुढे २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. चिंध्यांतून शिवलेले पांघरूण शेवटी देशाच्या पाकिटावर चिकटले!

आपल्याकडेही हात कामात आणि तोंड गोष्टीत ही रीत जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या आणि रमाईंच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. जाते दोघींनी ओढायचे असते, म्हणून ओवीला सोबत लागते. उर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे नाव 'आयदान', म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. हे पुस्तक २००३ साली आले. त्यांची आई आयदाने विणून घर चालवी. आईची वीण आणि आपले लेखन यांचे नाते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद वाचत. त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलेले 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. बाईने वाचणे-लिहिणे लपवावे लागते, ही गोष्ट तेव्हाची होती. आज ती पूर्ण संपली आहे काय?

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, समाजापुढे एवढे प्रश्न पडले असताना या गुळगुळीत गोष्टी कशाला? आमचे म्हणणे असे. वेदनेचे साहित्य हा आपला पाया आहे, ते प्रत्येक घरात वाचले गेलेच पाहिजे. पण जी बाई सहा महिने कोपीत राहते, पहाटे अंधारात उठून भाकरी थापते आणि दिवसभर मोळ्या वाहते, तिला रोज दुःखच वाचायला द्यायचे काय? नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्या अर्ध्या कोयत्याला पूर्ण माणूस म्हणून तासभर हसता यावे, ही चैन नव्हे. सुखाची गोष्ट ऐकलेल्या माणसालाच आपल्या वाट्याला काय आले नाही हे नीट कळते, आणि मग ते मागण्याची हिंमतही येते.

अजून एक गोष्ट आहे. लोकरीच्या दुकानात श्रीमंत बाई आणि कंगाल पोर एका टेबलाला बसल्या. आपल्या गावात कोणाच्या ओट्यावर कोण बसते? कोणाच्या गोधडीला कोणाचा हात चालतो? वाड्यावरचे जुनेर आपल्या वस्तीत आले, पण त्या जुनेराची गोधडी शिवायला वाड्यावरची बाई आपल्या अंगणात येऊन बसल्याचे किती जणींनी पाहिले आहे? गोष्ट वाचून हा प्रश्न पोरींच्या मनात उभा राहिला, तर ती गुळगुळीत कशी म्हणावी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या वस्तीत विहार आहे तेथे एक फळी गोष्टीच्या पुस्तकांसाठी ठेवावी. त्यात आपली आत्मकथने असावीत आणि हलक्याफुलक्या कथा-कादंबऱ्याही असाव्यात. गोधडीच्या दुपारी आठवी-नववीतल्या मुलीने अर्धा तास मोठ्याने वाचावे. आपोआप तिचेही वाचन सुधारेल. वाचून झाल्यावर कोणी भाषण करू नये, बायांना बोलू द्यावे. त्या जे बोलतील ते एका वहीत उतरवावे. आपल्या गोधडीच्या गोष्टींची मालिका अशाच वहीतून सुरू होईल. गोधडी विकायची असेल तर कापडाबरोबर टाक्यांचीही किंमत धरावी. बाईचे श्रम फुकट समजू नयेत.

आणि टोळी निघायच्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पीठ-मीठ, गोधड्या भरल्या जातील, तेव्हा त्या गोधडीच्या घडीत एक पुस्तक जरूर ठेवावे. सहा महिने मैत्रिणी वेगवेगळ्या कारखान्यांवर पांगतात. परत आल्यावर "तुझ्या पुस्तकात पुढं काय झालं?" एवढे विचारले, तरी तुटलेली बैठक पुन्हा भरते.