जिग म्हणजे नाच नव्हे!

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला हाफ लॅप जॉइंट आठवतोय? (स्वतः केलेला म्हणतेय. सीनियरचा जुना जॉब घासूनपुसून सबमिट करणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल!) लाकडाचे दोन तुकडे, करवत, पटाशी, दोन प्रॅक्टिकलची मेहनत आणि शेवटी सांध्यात एवढी फट, की पलीकडे उभा असलेला पार्टनर दिसावा. मग आपण मान हलवून म्हणतो, "हात बसलेला नाही." सुताराचा हात बसायला दहा-वीस वर्षं जातात, आपल्याला मिळतात मोजून चार-पाच दुपारी. म्हणजे विषय संपला?

नाही संपला. कारण सुतारसुद्धा सगळी भिस्त हातावर ठेवत नाही. जे काम पुन्हा पुन्हा करायचं असतं, ते तो एकदाच नीट विचार करून लाकडाच्या एका तुकड्यात बसवून ठेवतो. पुढे तो तुकडाच हाताला वळण लावतो. गावाकडे अशा तुकड्याला फर्मा म्हणतात, आपल्या पुस्तकात जिग. डिक्शनरीत पाहाल तर जिग म्हणजे एक प्रकारचा नाच निघेल, तो आपला नव्हे. व्हायव्हात हमखास विचारतात म्हणून सांगते : फिक्स्चर जॉबला फक्त घट्ट धरून ठेवतं, जिग जॉबला धरतो आणि शिवाय टूलला वाटही दाखवतो. लाकूडकामात मात्र हा भेद कोणी एवढा काटेकोर पाळत नाही, मीही पाळणार नाही.

आता थोडं आजोळाबद्दल. माझं आजोळ सणसर, इंदापूर तालुक्यातलं. तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, त्या संध्याकाळी पालखी मुक्कामाला येते ते हे गाव. शेजारी भवानीनगरचा साखर कारखाना, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे ऊस. पण कालव्याचं पाणी पोचत नाही तिथे अजून रब्बी ज्वारी आहे. ही ज्वारी पूर्वी बैलांच्या पाभरीने पेरायचे आणि पाभर बनवायची गावातल्या सुताराने. असे एक सुतार आजोबांच्या घरामागे राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्याकडे बसून मी जे पाहिलं ते आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमध्ये नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. करवतीला सॉ आणि पटाशीला चिझल म्हणत मोठी झालेय, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.)

आबांच्या भिंतीला खिळ्यावर एक बाभळीची काठी टांगलेली असायची. तिच्यावर खाचा, आकडा एकही नाही. पाभरीचे फण किती अंतरावर बसवायचे ते टेपने नाही, या काठीने ठरायचं. मी विचारलं, "आबा, टेप नाही?" ते म्हणाले, "हाय की. पर टेपावर आकडं लई. आठरा का साडेआठरा, माणूस इसरतं. काठीवर एकच खूण."

हे नुसतं जुन्या माणसाचं बोलणं नाही, यात इंजिनियरिंग आहे. ज्वारीच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच अंतर ठेवतात. पीक वर आलं की त्याच ओळींच्या मधून कोळपं चालवतात, तण काढायला. समजा कोळप्याची फास १२ इंचांची आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे. आता पाभरीचे फण एका ठिकाणी १८ ऐवजी १६ इंचांवर बसले, तर उरतात दोन-दोन इंच. बैल काही रुळावरून चालत नाहीत, थोडे डोलतातच. फास ओळीत शिरली की ज्वारी मुळासकट बाहेर! एका फणाची चूक शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत छापली जाते, आणि ती सापडते महिन्याभराने. तोपर्यंत पेरणीची ओल गेलेली असते.

गंमत अशी, की आबांची काठी बरोब्बर १८ इंच असण्याची गरजच नाही. ती सव्वाअठरा असली तरी बिघडत नाही, फक्त पाभर आणि कोळपं दोन्ही त्याच काठीवरून झाली पाहिजेत. जुनं माप होतं "एक हात". पण हात कोणाचा? पाभर बापाने केली आणि कोळपं पोराने, तर हात दोन झाले. काठी एकच राहते.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून अजून एक उदाहरण. स्टुलाचे चारही पाय दोन मिलिमीटर आखूड कापले गेले तर कोणाला कळणारही नाही. एकच पाय आखूड झाला, तर ते स्टूल जन्मभर डुगडुगत राहील. (आपल्या मेसमधली बाकं आठवा!) लाकूडकामात पुष्कळदा माप अचूक असण्यापेक्षा सारखं असणं जास्त गरजेचं असतं. अचूकपणाला महागडी साधनं लागतात. सारखेपणाला एक लाकडाचा ठोकळा पुरतो.

तर आता ठोकळा घेऊ या. सगळ्यात आधी बनवा बेंच हुक. साधारण २५० बाय १५० मिलिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा. टिंबर मार्टमध्ये कटपीसच्या ढिगात मिळतो. एका टोकाला खालून एक पट्टी, दुसऱ्या टोकाला वरून एक पट्टी, दोन्ही फेविकॉल आणि स्क्रूने पक्क्या. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते. वरच्या पट्टीला लाकूड टेकवून डाव्या हाताने दाबायचं आणि करवत चालवायची. वरची पट्टी उजवीकडून वीसेक मिलिमीटर आखूड ठेवा (डावखुरे असाल तर डावीकडून), म्हणजे करवत शेवटी प्लायमध्ये उतरते, होस्टेलच्या टेबलात नाही. रेक्टर मॅडमना हे वाक्य मुद्दाम दाखवावे. पटाशी मारतानाही हाच हुक कामी येतो : लाकूड पुढे सरकत नाही, त्यामुळे ते धरायला डावा हात पटाशीच्या पुढे न्यावा लागत नाही. दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम.

याच हुकावर वरच्या पट्टीला एक ठोकळा लावला की तो झाला स्टॉप. लाकडाचं टोक ठोकळ्याला टेकवा, कापा, पुढचं घ्या, टेकवा, कापा. दहा तुकडे, दहाही सारखे, आणि टेप एकदाही बाहेर काढायची नाही. एक बारकावा मात्र सांभाळा. ठोकळ्याची खालची कड रंध्याने तिरपी उडवा. नाहीतर कोपऱ्यात भुसा साठतो, आणि प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा केसभर आखूड होत जातो. जिग असूनही माप का चुकतंय, याचं उत्तर नव्वद टक्के वेळा तो भुसाच असतो. (नव्वद हा माझा अंदाज, परीक्षेत लिहू नका.)

मग खतावणी, म्हणजे मार्किंग गेज. लाकडाच्या कडेला समांतर रेघ ओढायचं साधन. वीस मिलिमीटर चौरस काठी, तिच्यावर सरकणारा एक ठोकळा, आणि काठीच्या टोकाला एक खिळा, डोकं छाटून कानशीने सुरीसारखा चपटा केलेला. अवघड काम एकच, ठोकळ्यात चौकोनी भोक कोरणं. ते टाळता येतं. भोक कोरूच नका, काठीभोवती चार तुकडे चिकटवा. चिकटवताना काठीला एक कागद गुंडाळा. फेविकॉल वाळलं की कागद ओढून काढा, काठी सरकायला पुरेशी मोकळीक आपोआप राहते. बाजूने एक स्क्रू, तो पिळला की काठी घट्ट. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, खिळ्याच्या रेघेला जवळजवळ नसते, आणि पटाशीची धार त्या रेघेत स्वतःहून बसते. हाफ लॅपची फट निम्मी तिथेच मिटते.

आता खरी अडचण. गुण्याही घरीच बनवायचा म्हटलं, तर तो काटकोनात आहे हे कशावरून? दुसऱ्या गुण्यावरून. आणि तो दुसरा? तिसऱ्यावरून... अशाने आपण थेट दुकानात पोचतो. पण नाही. गुण्या स्वतःची परीक्षा स्वतःच देऊ शकतो. एका सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ ओढा. मग तो पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ ओढा. रेघा एकावर एक आल्या तर काटकोन. नाही आल्या तर त्यांच्यात जेवढी फट, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. टोकाशी एक मिलिमीटर फट दिसली तर चूक अर्धा मिलिमीटर. म्हणजे उलटवल्याने चूक नुसती सापडत नाही, दुप्पट मोठी होऊन समोर येते! म्हणूनच गुण्याचं पातं आधी एकाच स्क्रूवर बसवायचं, फेविकॉल ओलं असेपर्यंत उलटवून तपासायचं, थोडं फिरवायचं, आणि जुळलं की दुसरा स्क्रू.

"सरळ कड" तरी कुठून आणायची? तिलाही हीच युक्ती. पट्टीने रेघ ओढा, पट्टी पान उलटवल्यासारखी रेघेच्या दुसऱ्या बाजूला टाका, पुन्हा ओढा. दोन्ही टोकं मात्र आपापल्या जागीच राहू द्या. पट्टी जागच्या जागी गोल फिरवून टोकांची अदलाबदल केलीत, तर एस आकाराचा बाक लपून राहतो.

सपाट पृष्ठभागाचं कोडं तर याहून सुंदर आहे. दोन पाट एकमेकांवर घासून जुळवले तर ते जुळतील, पण एक खोलगट आणि दुसरा फुगीर असूनही जुळतील. तिसरा पाट आणला की लबाडी चालत नाही. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी जुळायचा तर तिघांनाही सपाट व्हावंच लागतं. जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोला हीच पद्धत मांडली. आपण ज्याच्या नावाचे थ्रेड शिकतो तोच हा व्हिटवर्थ. कुठलंही प्रमाण हाताशी नसताना, तीन वाकड्यांतून सरळ निर्माण करायचं! सेकंड इयरच्या मेट्रॉलॉजीत मला खरोखर आवडलेली गोष्ट हीच.

हे सगळं कोणी शिकवतं का? आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेला हा अन्नशास्त्रज्ञ हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून पाबळला गेला. तिथे मुलं वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वायरिंग हातांनी करत शिकतात, आणि गावाला खरोखर लागणारी कामं करून देतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने बाहेर ज्या पहिल्यावहिल्या फॅब लॅब काढल्या, त्यातली एक पाबळची. तिथला घुमट, पाबळ डोम, प्रसिद्ध आहे. आता अशा जिओडेसिक घुमटाचं गणित बघा. टू-फ्रिक्वेन्सी अर्धगोलाला ६५ दांडे लागतात, पण लांब्या फक्त दोन : ३५ एका मापाचे, ३० दुसऱ्या. प्रत्येक दांडा टेपने मोजून कापला, तर चुका साठत जातात आणि शेवटचा त्रिकोण मिटता मिटत नाही. दोन स्टॉप लावून कापले तर मिटतो. आबांची काठी आणि पाबळचा घुमट यांत मला तरी फरक दिसत नाही.

लाकडाच्या साधनांवर एक आक्षेप नेहमी येतो : पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग माप कसं टिकणार? लाकूड रेषांच्या आडवं फुगतं. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. म्हणून लांब काठीवरची खूण वर्षानुवर्षं टिकते, आणि रुंद फळीचा गुण्या मात्र जुलैत पुन्हा उलटवून तपासावा लागतो.

आबांनी आता काम थांबवलंय. पेरणी ट्रॅक्टरवर गेली, मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत जातो. दोन वर्षांपूर्वी पडवी आवरली तेव्हा सगळे फर्मे बंबासाठी फोडायच्या ढिगात पडले होते. गाडीच्या चाकाच्या पाट्यांचे, जुवाचे, रुमण्याचे. बंबाला ते आणि साधं जळण सारखंच. काही आधीच जळाले होते, उरलेले मी आजोबांच्या माळ्यावर नेऊन ठेवले. काठीही तिथेच आहे. तिच्यावर अकरा खाचा आहेत. आबांना विचारून सात खाचांच्या शेजारी मी मार्करने नावं लिहिली : पाभर, कोळपं, कुळवाचं दिंड, अशी. उरलेल्या चार त्यांना आठवत नाहीत. वस्तीवर गोठ्यामागे त्यांच्याच हातची एक जुनी पाभर आणि मोडकं जू पडलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत काठी घेऊन तिकडे जाणार आहे, एकेक खाच लावून बघायला.