पग : गोंडस चेहरा आणि कोंडलेला श्वास

स्वर्गाच्या दारातही धर्मराजाने ज्याची साथ सोडली नाही, दत्तगुरूंच्या पायाशी जो चार रूपांत उभा असतो आणि खंडोबाच्या घोड्यासोबत जो धावतो, त्या श्वानाचे आपल्या संस्कृतीतील स्थान नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या सीमाभागात तर कुत्रा हा घरचाच एक कामकरी गडी. शेताची राखण, खळ्यावरचा पहारा, धनगरांच्या मेंढरांची सोबत अशी कामे तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. गेल्या दोन दशकांत मात्र या भागात एक असा कुत्रा आला, की ज्याच्याकडून कोणत्याही कामाची अपेक्षा नव्हती. तो आवडला तो केवळ त्याच्या चेहऱ्यासाठी. त्याचे नाव पग.

वाचकांना २००३ सालची ‘हच’ या मोबाइल कंपनीची दूरदर्शनवरील जाहिरात आठवत असेल. एक लहान मुलगा जिथे जाईल तिथे एक बुटका, सुरकुतलेल्या तोंडाचा कुत्रा निमूटपणे त्याच्या मागे जातो, एवढीच कथा. २००७ साली हचचे व्होडाफोन झाले, परंतु तोवर या कुत्र्याला ‘हचचा कुत्रा’ हे नाव कायमचे चिकटले होते. ‘पग’ हा शब्द ठाऊक नसलेल्या घरांतही ‘हचचा कुत्रा हवा’ असा बालहट्ट सुरू झाला आणि अनेक घरांत तो पुरवलाही गेला. या लोकप्रिय प्राण्याचा इतिहास आणि स्वभाव मनोरंजक आहेच, पण त्यात आपणा वैद्यक व्यवसायातील मंडळींना विचार करावयास लावणारा भागही पुष्कळ आहे.

पगचे मूळ स्थान चीन. तेथील राजदरबारात आखूड नाकाची लहान कुत्री शतकानुशतके लाडाने पाळली जात. कपाळावरील सुरकुत्यांतून ‘राजा’ या अर्थाचे चिनी अक्षर उमटावे, अशी तेथील शौकिनांची हौस असे. सोळाव्या शतकात व्यापारी जहाजांतून हा कुत्रा युरोपात पोहोचला आणि हॉलंडमध्ये स्थिरावला. १५७२ साली स्पॅनिश सैनिकांनी छावणीवर रात्री छापा घातला असता राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंज याला त्याच्या लहानशा कुत्र्याने जागे करून वाचविले, अशी कथा सांगतात. तो कुत्रा पगच होता, असे परंपरा मानते. तेव्हापासून पग हे ऑरेंज घराण्याचे जणू मानचिन्ह झाले. १६८८ साली याच घराण्यातील विल्यम इंग्लंडला गेला आणि पुढे त्या देशाचा राजा झाला, तेव्हा पगनेही इंग्लंडच्या राजवाड्यात प्रवेश मिळविला.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली पूर्ण केलेल्या स्वतःच्या चित्रात आपला लाडका पग ‘ट्रम्प’ याला पुढे बसविले आहे. हे चित्र आजच्या पगशेजारी ठेवून पाहावे. ट्रम्पचे पाय अधिक लांब आहेत आणि नाकाडाचा भाग चेहऱ्याच्या पुढे स्पष्टपणे आलेला आहे. आजच्या पगचे तोंड समोरून दाबून बसविल्यासारखे सपाट असते. हा बदल निसर्गाने केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात श्वानप्रदर्शनांचे युग आले. इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लब आणि १८८३ साली पग डॉग क्लब स्थापन झाला. जातीची ‘आदर्श’ लक्षणे कागदावर उतरली. चपटे नाक, मोठे डोळे आणि गोल डोके यांची आवड वाढत गेली, तशी त्या लक्षणांची पिलेच पुढील पैदाशीसाठी निवडली जाऊ लागली. अशा निवडीतून, पिढी दर पिढी, नाक मागे सरकत गेले.

पगचे आदर्श वजन ६.३ ते ८.१ किलो. रंग बहुधा फिकट बदामी, तोंड व कान काळे, क्वचित संपूर्ण शरीर काळे. शेपटी पाठीवर वेटोळे घातलेली. स्वभाव मात्र लाखमोलाचा. हा कुत्रा शिकारीही नाही आणि राखणदारही नाही. माणसाची सोबत हेच त्याचे काम आणि हेच त्याचे सुख. लहान मुलांत तो चटकन रमतो, सहसा आक्रमक होत नाही, खाण्याचा मात्र विलक्षण लोभी. त्यामुळे वजन वाढण्यास वेळ लागत नाही.

हा चेहरा आपल्याला इतका का आवडतो? या प्रश्नाचे उत्तर बालरोगतज्ज्ञाला आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली असे मांडले, की मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि लहानसे नाक ही तान्ह्या बाळाची लक्षणे दिसताच मोठ्यांच्या मनात वात्सल्य जागे होते. निसर्गाने बाळाच्या रक्षणासाठी केलेली ही योजना आहे. पगच्या चेहऱ्यावर नेमकी हीच लक्षणे आहेत. फरक इतकाच, की बाळाचे नाक वयानुसार वाढते, चेहरा पुढे येतो, श्वासमार्ग रुंदावतो. पग मात्र आयुष्यभर त्या बाळाच्या चेहऱ्यात अडकून राहतो.

याची किंमत कोण मोजतो, हे शरीररचना पाहिली की कळते. कवटीची हाडे आखूड झाली, तरी आतील मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. तेवढ्याच जागेत लांब मृदू टाळू, जाड जीभ आणि नाकातील पडदे दाटीवाटीने बसले. नाकपुड्या तर कित्येकदा केवळ चिरेसारख्या असतात. अरुंद मार्गातून हवा ओढताना आतील दाब कमी होतो, मऊ भाग आत खेचले जातात आणि मार्ग आणखी अरुंद होतो. बालकांतील श्वासमार्गाच्या अडथळ्यात आपण जे शिकलो, तेच हे दुष्टचक्र. शिवाय कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. शरीर थंड राखण्यासाठी त्याचा भर धापेवर आणि नाकातील ओलसर पृष्ठभागावर असतो. पगच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग अपुरे पडतात, म्हणून उष्माघाताचा धोका वाढतो. बाहेर आलेल्या डोळ्यांना जखमा होणे, सुरकुत्यांच्या घड्यांत जंतुसंसर्ग होणे, मणक्यांतील जन्मजात विकृती आणि मेंदूदाहाचा एक विशिष्ट घातक प्रकार या व्याधीही या जातीत आढळतात.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगमध्ये वर्षभरात एखादा तरी आजार आढळण्याची शक्यता सुमारे १.९ पट, तर आखूड नाकामुळे होणाऱ्या श्वसनविकाराची शक्यता सुमारे ५४ पट दिसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात पगचे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान ७.६५ वर्षे, तर सर्व कुत्र्यांचे मिळून ११.२३ वर्षे आढळले. त्याहून बोलका आहे तो २०१२ सालचा एक लहान अभ्यास. त्यात श्वसनविकाराची स्पष्ट लक्षणे असलेल्या आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या निम्म्याहून अधिक मालकांनी, आपल्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही, असे सांगितले होते. घोरणे, घरघर, धाप हे सारे त्यांना त्या जातीचे वैशिष्ट्यच वाटत होते.

येथेच आपण थांबून विचार करावयास हवा. दोन वर्षांचे मूल रात्री मोठ्याने घोरते, झोपेत दचकून उठते, थोडे धावले की बसून राहते, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात, असे एखाद्या मातेने सांगितले तर ‘किती गोड घोरतो’ असे आपण म्हणत नाही. आपण त्याचे कारण शोधतो. मग तीच लक्षणे पगमध्ये दिसली की दिवाणखान्यात हशा का पिकतो? त्यांचे चलच्चित्र काढून नातेवाइकांना का पाठविले जाते?

काही ठिकाणी हा विचार आता कायद्यात उतरला आहे. ज्या हॉलंडने पगला युरोपात प्रथम मानाचे स्थान दिले, त्याच देशात २०१९ पासून नाकाडाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास रोखण्यात आली. आपल्या शेजारच्या तमिळनाडूने २०२४ च्या श्वान-प्रजनन धोरणात तेथील हवामान न मानवणाऱ्या परदेशी जातींची पैदास थांबविण्याचे ठरविले, त्यांत पगचे नाव आहे. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत असले, तरी येथील एप्रिल-मे महिन्यांतील दुपार पगला सुखाची नसते. निपाणी-चिकोडी भागात तर नाहीच नाही.

योगायोग असा, की पगच्या अगदी उलट टोकाची जात आपल्या शेजारीच आहे. घोरपडे घराण्याच्या जुन्या मुधोळ संस्थानात, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यात, नावारूपाला आलेला मुधोळ हाउंड लांब नाकाचा, खोल छातीचा आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारा. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले, पुढे सैन्यानेही त्याला प्रशिक्षणासाठी निवडले. ज्याला धावण्यासाठी जोपासले, त्याचे फुप्फुस आणि नाक शाबूत राहिले. मात्र फ्लॅटमध्ये कोंडून ठेवला तर त्याचेही हालच. ज्यांना घरात फक्त सोबत हवी, त्यांनी आपल्या गल्लीतील एखादे गावठी पिलू लसीकरण करून का पाळू नये?

ज्यांच्या घरी पग आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. त्याला जपावे, इतकेच. वजन काटेकोरपणे आटोक्यात ठेवावे, कारण लठ्ठपणाने श्वासाचा त्रास बळावतो. गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधावयाचा पट्टा वापरावा. फिरावयास पहाटे किंवा दिवस मावळल्यावर न्यावे. बंद मोटारीत क्षणभरही ठेवू नये. चेहऱ्याच्या घड्या पुसून कोरड्या ठेवाव्यात. घरघर वाढली, जीभ निळसर दिसली किंवा कुत्रा मूर्च्छित पडला, तर तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया अनेकांना आराम देते.

ज्यांनी अद्याप आणलेला नाही, त्यांना मात्र विनंती आहे. मुलाचा हट्ट पुरविण्यापूर्वी त्याला बरोबर घेऊन एखाद्या पगच्या शेजारी पाच मिनिटे शांत बसावे, आणि दोघांनी त्या जिवाचा श्वास कान देऊन ऐकावा. मुले समंजस असतात. दुसऱ्याला होणारा त्रास त्यांना मोठ्यांहून लवकर ऐकू येतो.