यकृताची राखण

मुरबाड तालुक्यात मी आरोग्य सेवक होतो. धसई-टोकावडे भागातल्या पाड्यांवर तापाच्या माणसाचं बोट टोचून रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप निघाला की प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. चार दिवसांत प्रश्न ठरलेला, "दादा, ताप तर गेला, आता गोळ्या कशाला?" त्याचं उत्तर यकृतात आहे.

यकृतात मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं. त्यातलं बरंचसं आतड्यांकडचं, म्हणजे अन्नरसाबरोबर जंतू आणि त्यांचे तुकडेही आलेच. हे रक्त ज्या बारीक वाहिन्यांतून झिरपतं, त्यांच्या भिंतींना आतून चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यांच्यावरून त्यांना हे नाव पडलं. या पेशी रक्ताबरोबर भटकत नाहीत. तिथेच राहतात आणि आलेला जंतू गिळतात. पण समोर येणाऱ्या प्रत्येक परक्या कणावर चवताळत नाहीत. तसं झालं असतं तर रोजच्या जेवणानंतर यकृत सुजलं असतं. त्यांचा हा संयम मला फार थोर वाटतो. रोजच्या दारूने तो मोडतो: आतड्याचं अस्तर गळकं होतं, जंतूंचं विष लोंढ्याने येतं आणि राखण करणाऱ्या याच पेशी दाह पेटवतात. मोहाची असो वा बाटलीतली, यकृताला फरक पडत नाही.

डास चावल्यावर हिवतापाचे परजीवी थोड्याच वेळात यकृत गाठतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते चक्क कुप्फर पेशींच्या अंगातून, स्वतः जिवंत राहून, पलीकडे जाताना दिसले आहेत. पुढे यकृतपेशीत व्हायवॅक्सचे काही परजीवी महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी रक्तातले मरतात आणि ताप उतरतो. निजलेल्यांना मारते ती प्रायमाक्विन.

हिवतापात फुटलेल्या तांबड्या पेशींचा कचरा प्लीहेबरोबर कुप्फर पेशीही उचलतात, त्यातलं लोह वाचवतात. परजीवींचं काळपट रंगद्रव्य कुप्फर पेशींच्या पोटात साठत जातं.

प्रायमाक्विनची गोळी गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत. जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. म्हणून गोळ्या हातावर ठेवताना मी घरातल्या सगळ्यांना बजावायचो: लघवी काळसर झाली, तर गोळी थांबवा आणि तडक दवाखाना गाठा.