टॉयलेट पाहायला चला!

रोड ट्रिपला निघालं की आपली एक चिंता ठरलेली असते. हायवेवर 'जायचं' कुठे? मुली तर त्या भीतीने सकाळपासून पाणीच कमी पितात. नाक मुठीत धरून आत शिरायचं आणि श्वास रोखून बाहेर यायचं, हा आपला पब्लिक टॉयलेटचा फंडा. पण लोक मुद्दाम गाडी थांबवून, कॅमेरा घेऊन टॉयलेट बघायला जातात असं सांगितलं तर?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला, साधारण तीन तासांच्या ड्राइव्हवर कावाकावा हे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. भर बाजारपेठेतून रेल्वेचे रूळ जातात, ही एक गंमत. दुसरी गंमत म्हणजे इथलं टॉयलेट! लाल, निळे, पिवळे, हिरवे गोलमटोल खांब, तुकड्या-तुकड्यांच्या टाइल्स, काचेच्या बाटल्यांच्या भिंती आणि छतावर चक्क गवत.

ही करामत फ्रीडेन्सराइश हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन कलाकाराची. १९२८ साली व्हिएन्नात जन्मलेला हा अवलिया चित्रकार म्हणून गाजला आणि मग त्याने इमारतींकडे मोर्चा वळवला. सरळ रेषेशी त्याचं हाडवैर! व्हिएन्नातला कचरा जाळण्याचा प्रकल्पही त्याने असा रंगवला, की तो शहराची ओळख बनला. १९७० च्या दशकात तो कावाकावाजवळ जमीन घेऊन राहू लागला. गावचं जुनं टॉयलेट बदलायची वेळ आली, तेव्हा डिझाइन त्यानेच केलं.

खरी मजा पुढेच आहे. विटा आल्या पाडलेल्या एका जुन्या बँकेच्या. टाइल्स बनवल्या तिथल्या कॉलेजच्या मुलांनी. बाटल्या गावातूनच गोळा झाल्या. जागेवर उभं असलेलं झाड तोडण्याऐवजी बांधकामातच सामावून घेतलं. म्हणजे रिसायकलिंग, आर्ट आणि प्लंबिंग, सगळं एकाच छपराखाली!

डिसेंबर १९९९ मध्ये टॉयलेट खुलं झालं. पुढच्याच फेब्रुवारीत, २००० साली, जहाजाच्या प्रवासात हुंडर्टवासर गेला. त्याच्या हयातीत पूर्ण झालेलं हे शेवटचं काम. मोठमोठ्या इमारती करणाऱ्या माणसाचा शेवटचा प्रोजेक्ट एका खेड्यातलं टॉयलेट असावं, यात कमीपणा वाटतो का? उलट, हाच त्याचा पॉइंट होता. सुंदर गोष्टी फक्त म्युझियममध्ये का? जिथे प्रत्येकाला जावंच लागतं, तिथे का नकोत?

एरवी पुढे निघून जाणाऱ्या गाड्या आता या गावात थांबतात. टॉयलेटसाठी उतरलेला माणूस कॉफीही पितो, दोन वस्तूही घेतो. दुकानदारांसाठी याहून चांगली जाहिरात कोणती?

आपल्याकडेही हल्ली उड्डाणपुलांचे खांब आणि स्टेशनच्या भिंती रंगू लागल्यात. छानच आहे. पण रंगाचा डबा उघडण्याआधी नळाला पाणी आणि दाराला कडी हवी. कावाकावातलं ते शिल्प फोटोत कितीही भन्नाट दिसो, त्याची पहिली ओळख आजही एकच आहे: ते वापरता येतं. फक्त फोटो काढताना आत कुणी नाही ना, तेवढं बघा!