कांजीतील देऊळ

कांजी (चिनी लिपीतून जपानीत आलेली अक्षरचिन्हे) म्हणजे छोटी चित्रेच, असा समज सर्रास आढळतो. डोंगर, झाड, सूर्य अशा थोड्या चिन्हांपुरता तो खरा आहे. बहुतेक कांजी मात्र घटक जोडून झालेल्या आहेत. त्यांतला एक घटक अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची.

'वेळ' या अर्थाची कांजी पाहा. डावीकडे सूर्य, उजवीकडे बौद्ध देऊळ. देवळावरचा सूर्य पाहून वेळ कळते, अशी गोष्ट शिकणारे लगेच रचतात. ती लक्षात राहते, हे खरे; पण इथे देऊळ आले आहे ते 'जि' या उच्चारासाठी. सूर्याच्या जागी हात आला की अर्थ होतो 'धरणे', माणूस आला की 'सामुराई'. तिन्हींचे ओन्योमी (चिनी उच्चारावरून आलेले वाचन) 'जि'च. उच्चार शतकानुशतके बदलत गेल्याने हा आधार दर वेळी मिळत नाही: 'विशेष' या कांजीतही हेच देऊळ आहे, पण वाचन 'तोकु'.

एका चिन्हाची अनेक वाचने पाहून पुष्कळजण बिचकतात. आपण '२' ला दोन म्हणतो आणि '२रा' ला दुसरा. शेजार पाहून वाचन ठरते. तसेच 'वेळ' एकटी आली की 'तोकी', हे कुन्योमी (मूळ जपानी शब्दाचे वाचन). 'जिकान' म्हणजे कालावधी, या जोडशब्दात मात्र 'जि'.

जपान सरकारच्या २०१०च्या यादीत नित्य वापरातील २,१३६ कांजी आहेत. त्यांच्या वाचनांचे तक्ते पाठ करू नका. प्रत्येक वाचन एखाद्या शब्दासोबतच शिका.