प्रवाळकुंडातील कॅल्शियम व अल्कता

प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ हे प्राणी होत. त्यांचे मऊ शरीर लहानसेच असते. परंतु त्याखाली ते जो सांगाडा रचीत जातात तो कॅल्शियम कार्बोनेटाचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा असतो. ह्या बांधकामाचा माल ते भोवतालच्या पाण्यातूनच काढून घेतात. समुद्र अफाट असल्याने तेथे ही उचल जाणवत नाही. काचेच्या कुंडात मात्र दोनचारशे लिटरच पाणी असते, आणि जोमाने वाढणारे प्रवाळ काही दिवसांतच आपल्या पोषणाची गंगाजळी रिती करू लागतात.

हा माल दोन प्रकारचा असतो. पहिला कॅल्शियम, तो समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ४१० मिलिग्रॅम असतो. दुसरा म्हणजे बायकार्बोनेट व कार्बोनेट, आणि त्यांचे माप अल्कतेवरून काढतात. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ती. पाण्याच्या नमुन्यात ठाऊक तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने घालावे व दर्शकाचा रंग पालटेपर्यंत किती लागले ते पाहावे, एवढीच तिची परीक्षा. समुद्रजलात ती लिटरला सुमारे २.४ मिलितुल्यांक, म्हणजे तुल्यभाराचे २.४ हजारांश, भरते. अल्कता आणि पी.एच. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथेच ध्यानात ठेवलेले बरे.

आता हिशोब पाहू. सांगाड्यात दर २० मिलिग्रॅम कॅल्शियमामागे एक मिलितुल्यांक अल्कता खर्ची पडते; हे प्रमाण रासायनिक संयोगानेच ठरलेले आहे. परंतु शिलकी सारख्या नाहीत. कुंडातील अल्कता २.४ वरून १.२ वर, म्हणजे निम्म्यावर, येते तेव्हा कॅल्शियम ४१० वरून केवळ ३८६ वर उतरलेले असते. जो केवळ कॅल्शियम मोजतो त्याला सर्व काही ठीक दिसते, आणि प्रवाळांची वाढ मात्र खुंटलेली असते. म्हणून जाणते लोक अल्कता वारंवार मोजतात व कॅल्शियम त्या मानाने क्वचित.

भरपाईही त्याच प्रमाणात झाली पाहिजे. ह्या कामी चुन्याची निवळी जुनी व भरवशाची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर घातली की जी निवळी दुधाळ होते तीच ही. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम विझवलेला चुना विरघळतो, आणि त्यातून कॅल्शियम व अल्कता अगदी हव्या त्या प्रमाणात मिळतात. तथापि ती फार तीव्र अल्क असल्याने थेंबाथेंबाने सोडावी लागते. तेही बहुधा रात्री, कारण अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबून पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वाढतो व पी.एच. उतरतो. दुसरी रीत कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट वेगवेगळे घालण्याची. तिच्यात मागे मीठ उरते, म्हणून खारटपणावर लक्ष ठेवून अधूनमधून पाणी पालटावे लागते. हे दोन्ही द्राव एकाच जागी एकदम ओतल्यास पाणी पांढरे होते आणि प्रवाळांसाठी आणलेला माल तळाशी साका होऊन बसतो.

वास्तविक उष्ण समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटाने अतिसंपृक्तच असते. तरीही तेथे साका बसत नाही, ह्याचे मोठे कारण मॅग्नेशियम. लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम असलेले हे द्रव्य वाढत्या स्फटिकांच्या पृष्ठावर चिकटून त्यांच्या वाढीस अडथळा करते. कुंडात मॅग्नेशियम कमी पडले तर कितीही चुना घातला तरी तो पंपावर व काचेवरच थापला जातो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण आहे. समुद्रातून ते काढून आणणे हा गुन्हा होय. परंतु हा हिशोब हौशी लोकांपुरता नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ ह्या काचघरात सुमारे २६ लाख लिटरचा कृत्रिम समुद्र व त्यात प्रवाळभित्ती होती. तेथे ख्रिस लँग्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात जवळजवळ चार वर्षे पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट बदलून निरीक्षणे केली. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, भित्तीची वाढ ह्या दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात कमीजास्त होते. आणि कमी कार्बोनेटाची सवय प्रवाळांना वर्षे लोटली तरी होत नाही.

खऱ्या समुद्रात कॅल्शियम व अल्कता आजही बहुतांशी पूर्वीइतकीच आहेत. पण हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनेटाचे बायकार्बोनेट करीत आहे, आणि त्या कुंडात निवळी सोडणारा कोणी नाही.