तारेचा नंबर आणि तारेची जाडी

आपल्या नारायणगावात टोमॅटो, द्राक्षे, ऊस यांना मोटारीने पाणी देतात. मोटार मोठी आणि वायर बारीक असली की वायर तापते. वरचे प्लॅस्टिक वितळते आणि आगसुद्धा लागते. म्हणून वायर घेताना आधी जाडी बघावी.

जाडी सांगायच्या तीन रीती आहेत. एक इंग्रजांची. जुने वायरमन अजून तीन-बावीस, सात-वीस असे बोलतात. सात-वीस म्हणजे 20 नंबरच्या सात तारा एकत्र. दुसरी रीत अमेरिकेची. या दोन्हींना गेज म्हणतात. तिसरी मेट्रिक. आपल्या देशाने 1956 साली कायदा करून मेट्रिक मापे घेतली. दुकानात वायरवर 1.5, 2.5, 4 असे आकडे असतात, ते चौरस मिलिमीटर. तार आडवी कापली की तांब्याचा जो गोल दिसतो, त्याचे ते क्षेत्रफळ. प्लॅस्टिक त्यात धरत नाहीत.

गेजची गंमत म्हणजे नंबर वाढला की तार बारीक होते! आणि दोन्ही गेज सारखे नाहीत. इंग्रजी 14 नंबरची तार 2.03 मि. मी. जाड असते, अमेरिकन 14 नंबरची 1.63 मि. मी. म्हणून नुसते "14 नंबर द्या" म्हणू नये. कुठला 14, ते विचारावे.

अमेरिकन नंबर असा बदलावा :

18 नंबर – 0.82 चौ. मि. मी. – दुकानात 1 घ्या
16 नंबर – 1.31 – 1.5 घ्या
14 नंबर – 2.08 – 2.5 घ्या
12 नंबर – 3.31 – 4 घ्या
10 नंबर – 5.26 – 6 घ्या

बरोबर तेवढी वायर मिळत नाही, तेव्हा पुढची जाड घ्यायची. मागची बारीक कधीच नाही. पाठ करायला सोपे म्हणजे, तीन नंबर पुढे गेले की क्षेत्रफळ निम्मे होते. 10 चे 5.26, तर 13 चे 2.63.

जाडी घरीसुद्धा मोजता येते. विजेला न जोडलेला, सोललेल्या एकाच तारेचा तुकडा घ्या. पेन्सिलीवर 20 वेढे चिकटून द्या आणि पट्टीने मोजा. 11 मि. मी. भरले तर 11 भागिले 20, म्हणजे 0.55 मि. मी. हा भागाकार मला ताईने शिकवला. खोडदच्या दुर्बिणीच्या जाळीची स्टीलची तार एवढीच बारीक आहे! तिथे अशा 30 तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर रुंद. त्या जाळीतून वीज न्यायची नसते, म्हणून बारीक तार चालते. मोटारीला चालत नाही.

पालकांनो, चार पैसे वाचवायला बारीक वायर घेऊ नका. मोटार जळाली तर खर्च जास्त येतो, आणि माणसाच्या जिवाला तर मोलच नाही.

– इयत्ता चौथी